तोंडातली आम्लता, फ्लोराइड आणि जिवाणू : फ्लोराइड नक्की कोणाला आवरतं?

निशाचरी
नमस्कार मंडळी. गेल्या दोन वर्षांत माझ्या तीन दाढा भरून झाल्या आणि परवापासून चौथी ठणकायला लागलीय. फ्लोराइडवाल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासते, त्यात कधी चालढकल करत नाही. डॉक्टरांनी आरशात दाखवलं, समोरच्या दातांवर हिरडीच्या कडेने खडूसारखा पांढरा पट्टा उमटलाय. म्हणाले, "तोंडात आम्ल फार होतंय." बाहेर पेशंट खोळंबले होते, त्यामुळे बोलणं तिथंच थांबलं.

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात घोळताहेत.

आम्लात जिवाणू वाढत नाहीत असं शाळेपासून ऐकत आलोय. व्हिनेगरमध्ये पदार्थ टिकतो तो त्यामुळेच. मग तोंडात आम्ल झालं तर तिथले जिवाणू कमी व्हायला हवेत. उलट कीड कशी वाढते?

आणि फ्लोराइड नक्की कोणावर काम करतं? दातावर की जिवाणूंवर? पेस्टच्या जाहिरातींवरून तरी काही उलगडा होत नाही.

या विषयात कोणी काम करत असेल तर सविस्तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

पानगळ
वाचतेय. दुसरा प्रश्न माझाही आहे.

अक्कलदाढ
मी दंतवैद्य आहे. पहिला प्रश्न मी घेतो.

आम्लात जिवाणू वाढत नाहीत हे बहुतेक जिवाणूंच्या बाबतीत खरं आहे, सगळ्यांच्या नाही. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू राहतात. पीएच म्हणजे आम्लतेची मोजपट्टी, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. त्यातल्या बऱ्याच जणांना पीएच ७ च्या आसपासचा मुक्काम मानवतो. पीएच घसरला की त्यांची वाढ मंदावते. पण काही जाती वेगळ्या आहेत. त्यातली सगळ्यात बदनाम म्हणजे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून ती वेगळी काढली. तिचे गोल दाणे कधी कधी लांबट दिसत, त्यावरून हा नेहमीच्या जिवाणूचाच बदललेला अवतार असावा असं त्यांना वाटलं आणि 'म्युटन्स' नाव पडलं.

हा जिवाणू साखर खातो आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतो. ते आम्ल त्याला स्वतःला पचतं, शेजाऱ्यांना पचत नाही. शेजाऱ्यांची वाढ खुंटली की मोकळी झालेली जागा हाच बळकावतो. लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू तर त्याच्याहून खालच्या पीएचला तग धरतात, खोल गेलेल्या किडीत ते हमखास सापडतात.

म्हणजे आम्लाने जिवाणू कमी होतात हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त जे टिकायला हवेत तेच कमी होतात.

दाताचं म्हणाल तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, साधारण पीएच ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. हिरडी मागे सरून मूळ उघडं पडलं असेल तर ते याहून आधी, ६ च्या वरच विरघळायला लागतं. पांढरा पट्टा म्हणजे वरचा पृष्ठभाग शाबूत असून आतून खनिज निघून गेलेली जागा. अजून खड्डा पडलेला नसेल तर ती जागा सावरू शकते, हे आधीच सांगून ठेवतो.

एकतारी
म्हणजे दाताची कीड ही 'कीड' नसतेच तर. माझी आजी म्हणायची दातात आळी असते. लहानपणी आरशात तासन् तास तोंड वासून आळी शोधल्याचं आठवतंय :)

अक्कलदाढ
@एकतारी, ही समजूत जगभर होती. डब्ल्यू. डी. मिलर यांनी बर्लिनमध्ये काम करून १८९० मध्ये मांडलं की जिवाणू अन्नातल्या पिष्टमय आणि गोड भागापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. तोवर खरं कारण चाचपडणंच चालू होतं. मात्र मिलर यांना कुठलाही एक जिवाणू दोषी वाटला नव्हता. आज आपण पुन्हा बरेचसे त्याच ठिकाणी आलो आहोत.

बुरशीबाई
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वरच्या शेवटच्या वाक्याचाच धागा पकडते, कारण निशाचरी यांच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

बरीच वर्षं वाद होता की हे नुकसान साखर करते की आम्ल? साखर मिळाली म्हणून म्युटन्स वाढतो, की साखरेचं आम्ल झालं म्हणून? दोन्ही एकत्रच येतात, मग वेगळं कसं करायचं? ब्रॅडशॉ, मॅकी आणि मार्श यांनी १९८९ मध्ये यावर सुरेख प्रयोग छापला. तोंडातल्या निरनिराळ्या जातींचे जिवाणू एकाच पात्रात एकत्र वाढवले आणि रोज ग्लुकोज घातलं. एका पात्रात पीएच ७ वर धरून ठेवला, दुसऱ्यात ग्लुकोजनंतर तो घसरू दिला. पीएच धरून ठेवला तिथे साखर घालूनही वस्ती फारशी बदलली नाही. घसरू दिला तिथे म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस वाढले, दातांना निरुपद्रवी असलेले मागे पडले.

साखर तीच, मात्रा तीच. फरक फक्त पीएचचा. वस्तीचा तोल साखर थेट बिघडवत नाही, तिच्यापासून झालेली आम्लता बिघडवते. मला हा प्रयोग शिकवताना अजूनही तेवढीच मजा येते.

म्युटन्सला आम्ल कसं पचतं? त्याच्या पेशीच्या आवरणात एक पंप असतो, तो आत शिरलेले हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लता आणणारे भारित कण, ऊर्जा खर्चून बाहेर फेकत राहतो. त्यामुळे बाहेर पीएच ५ असला तरी पेशीच्या आत तो साधारण एक अंकाने वर असतो. होडीत पाणी झिरपतंय आणि कोणीतरी अखंड उपसतंय असं चित्र डोळ्यांसमोर आणा. ही होडी आणि ही बादली लक्षात ठेवा, फ्लोराइडच्या वेळी कामाला येईल. आत्ता तासाला जायचंय, संध्याकाळी लिहिते.

पानगळ
बुरशीताई, असं ऐन रंगात आल्यावर सोडून जाऊ नका हो!

मूलद्रव्य
ताई येईपर्यंत दाताची बाजू मी मांडतो. मी रसायनशास्त्राचा.

इनॅमल हे हायड्रॉक्सिअपेटाइट नावाच्या खनिजाचं असतं. आम्लात त्याचा हायड्रॉक्सिल आणि फॉस्फेटचा भाग निघून जातो आणि कॅल्शियम सुटतं. तोंडात फ्लोराइड असेल तर खनिज परत बसताना हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसतं. असं बनलेलं खनिज पीएच ४.५ च्या आसपास येईपर्यंत दम धरतं. ५.५ आणि ४.५ मध्ये एकाच अंकाचा फरक दिसतो, पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. दहापट जास्त आम्ल सोसलं जातं.

शिवाय घासल्यानंतर दातावर कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण बसतात. पीएच घसरला की त्यातून फ्लोराइड सुटतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी.

माझ्या मते फ्लोराइडचं खरं काम एवढंच. जिवाणूंवरचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, तोंडात त्याला फारसं महत्त्व नाही. लाळेत एरवी फ्लोराइड किती असतं? दहा लाखांत एका भागाच्याही कितीतरी खाली. एवढ्याने कुठला जिवाणू मरणार?

बुरशीबाई
आले. @मूलद्रव्य, मरत नाही हे मान्य. पण मरणं आणि अडणं यात फरक आहे, आणि माझं म्हणणं अडण्याबद्दल आहे.

फ्लोराइड आयनावर विद्युतभार असतो. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, भारित कण त्यातून सहज जात नाही. पण बाहेर हायड्रोजन आयन भरपूर असतील, म्हणजेच आम्लता असेल, तर फ्लोराइड एका हायड्रोजनशी जोडी जमवतं आणि हायड्रोजन फ्लोराइड होतं. त्यावर भार नसतो. ते आवरणातून सरळ आत जातं.

किती टक्के जोडी जमते याचा हिशेब सोपा आहे. हायड्रोजन फ्लोराइडचा पीके, म्हणजे ज्या पीएचला निम्म्यांची जोडी जमलेली असते तो आकडा, साधारण ३.२. त्यावरून पीएच ७ ला दहा हजारांतले एक-दोन फ्लोराइड आयन जोडीत असतात. पीएच ५ ला शंभरातले एक-दोन. पीएच ४ ला शंभरातले बारा-पंधरा. बाहेरचं फ्लोराइड तेवढंच, पण ७ वरून ५ वर आलात की आत जाऊ शकणारा वाटा शंभरपट झाला.

आत काय होतं? आतला पीएच वरचा, त्यामुळे जोडी तुटते. हायड्रोजन वेगळा, फ्लोराइड वेगळं. आता फ्लोराइड पुन्हा भारित झालं, त्याला सहज बाहेर पडता येत नाही. बाहेरून आणखी जोड्या येत राहतात आणि आत फ्लोराइड साठत जातं. बाहेर किती थोडं आहे यावरून आतल्याचा अंदाज बांधता येत नाही तो त्यामुळे. वर प्रत्येक जोडीबरोबर एक हायड्रोजन आयन फुकटात आत आला, म्हणजे होडीत पाणी वाढलं.

मग साठलेलं फ्लोराइड दोन ठिकाणी हात घालतं. पहिलं ठिकाण इनोलेज नावाचं एन्झाइम. साखर मोडण्याच्या साखळीत शेवटाकडे ते असतं. ते अडलं की पुढचा फॉस्फोइनॉलपायरुव्हेट हा पदार्थ कमी पडतो. म्युटन्स बाहेरची साखर आत ओढून घ्यायला हाच पदार्थ वापरतो. म्हणजे कारखाना मंदावलाच, कच्चा मालही दारातच अडला. दुसरं ठिकाण तो पंप. तोही फ्लोराइडने मंदावतो. होडीत पाणी वाढतंय आणि बादली हातातून गेली.

आडवाट
बाप रे. म्हणजे स्वतःच्याच आम्लाने तो फ्लोराइडला दार उघडून देतो?

बुरशीबाई
@आडवाट, अगदी तेच.

एमएस्सीला असताना हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्युटन्स वाढवायच्या द्रवात ग्लुकोज आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक घातला होता. हा दर्शक पीएच ६.८ च्या वर जांभळा असतो, ५.२ च्या खाली पिवळा होतो. दोन रांगा नळ्या, एकीत फ्लोराइड, दुसरीत नाही. संध्याकाळी सगळ्या नळ्या जांभळ्या आणि स्वच्छ ठेवून मी घरी गेले. सकाळी इनक्युबेटरचं दार उघडलं तर बिनफ्लोराइडच्या नळ्या पिवळ्याधमक आणि गढूळ, तळाशी पांढरा गाळ. फ्लोराइडच्या नळ्यांचं मात्र मी वेगळंच धरून चालले होते. वाटलं होतं त्या जांभळ्याच राहतील. तशा त्या नव्हत्या. ना जांभळ्या ना पिवळ्या, मधल्याच मातकट रंगावर अडकलेल्या. दुपारी पाहिलं, तसाच रंग. दुसऱ्या दिवशीही जवळपास तसाच.

सरांनी विचारलं, "सुरुवात झाली आणि थांबली का?" मला सांगता येईना. मग त्यांनी फळ्यावर ती जोडी जमवून दाखवली. सुरुवातीला पीएच ७, फ्लोराइड जवळजवळ सगळं दाराबाहेर, जिवाणू निवांत साखर खातोय. जसजसं आम्ल साठलं तसतसं फ्लोराइड आत शिरलं आणि साखर मोडणं मंदावलं. तो मातकट रंग म्हणजे नेमकी ती जागा होती.

नंतर सुरुवातीचाच पीएच ५.५ ठेवून केलं, तर तेवढ्याच फ्लोराइडमध्ये नळ्या जवळपास स्वच्छच राहिल्या. गढूळपणा धरलाच नाही.

पानगळ
हा प्रतिसाद साठवून ठेवला. मातकट रंगाचा प्रसंग तर अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला.

मूलद्रव्य
बुरशीताई, नळीतलं पटलं. पण दातावर जिवाणू मोकळे तरंगत नसतात. चिकट थर असतो, फ्लोराइड त्याच्या तळाशी किती पोचतं? घासल्यावर मिनिटभर भरपूर असतं आणि मग लाळ धुऊन नेते. माझा मुद्दा अजून तिथंच आहे.

बुरशीबाई
थराचा मुद्दा योग्य आहे. साखरेपासून म्युटन्स जे चिकट ग्लुकॅन विणतो त्यामुळे थर दाट होतो, फ्लोराइड तळाशी कमी पोचतं आणि लाळही कमी पोचते. पण थरात फ्लोराइड धरूनही ठेवलं जातं, लाळेपेक्षा तिथे ते जास्त असतं. आणि त्याच ब्रॅडशॉ मंडळींनी १९९० मध्ये दाखवलं की थोड्या फ्लोराइडनेही, पीएच घसरत असताना म्युटन्सचं वस्तीतलं वर्चस्व रोखलं जातं. मारणं नाही, वस्तीचा तोल धरून ठेवणं. मी एवढ्यावरच ठाम आहे.

अक्कलदाढ
दोघांच्या मध्ये पडतो. पेशंटच्या तोंडात कीड कमी होण्याचं मोठं श्रेय खनिज परत बसण्याला जातं, यावर आमच्या क्षेत्रात बरंचसं एकमत आहे. म्हणजे मूलद्रव्य यांचं पारडं जड. पण जिवाणूंवरचा परिणाम शून्य नाही, आणि तो नेमका आम्लता असताना उमटतो, म्हणून बुरशीबाईंचं म्हणणं खोडता येत नाही.

एकतारी
मग माझा एक सरळ प्रश्न. आम्लात फ्लोराइड जास्त प्रभावी, तर घासण्याआधी व्हिनेगरची चूळ भरली तर?

अक्कलदाढ
नका! कृपा करून कोणीही हे करू नका.

व्हिनेगरचा पीएच ३ च्या आगेमागे. त्यात जिवाणूंची वाट न पाहता इनॅमल थेट मऊ पडतं, आणि मऊ पडलेल्या इनॅमलवर ब्रश फिरवला की ते घासलं जातं. आंबट काही प्यालात, उलटी झाली, छातीतली जळजळ घशाशी आली, तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास ब्रश लावू नका. पोटातल्या आम्लाचा पीएच १ ते २ असतो, त्यापुढे व्हिनेगर काहीच नाही.

आम्ही दवाखान्यात आम्लयुक्त फ्लोराइड जेल लावतो हे खरं आहे. त्यात १.२३ टक्के फ्लोराइड असतं, पीएच साडेतीनच्या आसपास. पण त्यात फॉस्फेटही घातलेलं असतं, ते दात विरघळणं आवरतं, आणि मोजून काही मिनिटंच ते दातावर ठेवतात. व्हिनेगरच्या चुळीत ना फ्लोराइड, ना फॉस्फेट.

शांतसागर
जळजळीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मला अनेक वर्षं आम्लपित्त आहे आणि पुढच्या दातांची मागची बाजू गुळगुळीत, पातळ झालीय. मला ती कीडच वाटायची. दंतवैद्यांनी सांगितलं की यात जिवाणूंचा हात नाही, ही निव्वळ आम्लाची झीज. पोटाचा इलाज सुरू केल्यावर ती थांबली. थंड लागतं ते मात्र अजून लागतं.

दोन_पोरांचा_बाप
इतकं फ्लोराइड फ्लोराइड चाललंय, पण ते विष आहे ना? आमचा धाकटा पेस्ट गिळतो. मी तर फ्लोराइड नसलेली पेस्ट आणायच्या विचारात आहे.

अक्कलदाढ
तुमची काळजी निराधार नाही. फ्लोराइड पोटात जास्त गेलं तर त्रास होतोच. दात तयार होण्याच्या वयात सतत जास्त गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. खूप वर्षं खूप जास्त गेलं तर हाडांवर परिणाम होतो.

खरं तर फ्लोराइड आणि कीड यांचा संबंध कळला तोच या डागांवरून. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे दवाखाना सुरू केला, तर गावातल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. कारण शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. दरम्यान लक्षात आलं की या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने पाण्यात फ्लोराइड सापडल्याचं दाखवलं. पुढे ट्रेंडली डीन यांनी किती फ्लोराइडला डाग पडतात आणि कितीला कीड कमी होते याची सांगड घातली, आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम, मोजून घालायला सुरुवात झाली. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या पाण्यात मुळातच जास्त फ्लोराइड असेल तर दंतवैद्यांना ते जरूर सांगा.

धाकट्यासाठी पेस्ट बदलण्याआधी मात्रा बदला. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. पूर्ण ब्रशभर पेस्ट जाहिरातीतच शोभते. ट्यूब त्याच्या हाती लागू देऊ नका आणि घासताना शेजारी उभे राहा. थुंकायला शिकेपर्यंत एवढी पथ्यं पुरतात.

दोन_पोरांचा_बाप
धन्यवाद डॉक. आम्ही ब्रशभरच लावत होतो. आजपासून बदल.

आडवाट
बुरशीताई, अँटिबायोटिकसारखे जिवाणू फ्लोराइडलाही सरावत नाहीत का?

बुरशीबाई
प्रयोगशाळेत सरावतात. वाढत्या फ्लोराइडमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवले तर म्युटन्सचे फ्लोराइड सोसणारे वाण मिळतात. २०१२ मध्ये येल विद्यापीठातल्या ब्रेकर यांच्या गटाने तर दाखवलं की अनेक जिवाणूंकडे फ्लोराइड ओळखणारी आरएनएची कळच असते. आत फ्लोराइड वाढलं की ती दबते आणि फ्लोराइड बाहेर काढणारी प्रथिनं तयार होतात. फ्लोराइड माणसाने पेस्टमध्ये घातलं त्याच्या कितीतरी आधीपासून ते माती-पाण्यात आहे, जिवाणूंची त्याच्याशी जुनी ओळख आहे.

पण म्हणून पेस्ट निकामी झाली असं दिसलेलं नाही. आणि इथे मी मूलद्रव्य यांच्या पंक्तीला जाऊन बसते. मुख्य काम खनिजावर होत असेल तर जिवाणू सरावला तरी ते काम बंद पडत नाही.

मूलद्रव्य
या, बसा :)

पानगळ
लाळेबद्दल कोणीच काही लिहिलं नाही?

अक्कलदाढ
लिहायलाच हवं होतं. लाळेतलं बायकार्बोनेट आम्लाला मारक, आणि कॅल्शियम-फॉस्फेट खनिज परत भरून देतं. थरातले काही जिवाणूही आपल्या बाजूचे आहेत. लाळेतल्या आर्जिनिन आणि युरियापासून ते अमोनिया करतात, त्याने पीएच वर चढतो.

रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात अँटिमनीची बारीक इलेक्ट्रोड थेट दातावरच्या थरात खुपसून पीएच मोजला. ग्लुकोजची चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो ५ च्या आसपास कोसळतो आणि परत वर यायला अर्धा ते एक तास लागतो. आलेखावर ही खोल दरी अशी दिसते की बघितल्यावर विसरता येत नाही. झोपेत लाळ जवळपास थांबते, म्हणून झोपण्याआधी गोड खाल्लं तर ती दरी भरून यायला फार वेळ लागतो.

म्हणून मी किती साखर खाता हे नंतर विचारतो, किती वेळा खाता हे आधी. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथे १९४५ पासून काही वर्षं झालेल्या प्रयोगात हेच दिसलं. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली, मधल्या वेळेत चिकट गोड देत राहिल्यावर भराभर वाढली. तो प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या रुग्णालयातल्या लोकांवर, त्यांच्या संमतीशिवाय झाला होता. त्यातून मिळालेलं ज्ञान आपण वापरतो, तेव्हा त्या माणसांचे दात त्यासाठी मुद्दाम किडवले गेले हेही सांगायला हवं.

निशाचरी, तुम्हाला हेच विचारायचं होतं. दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं?

निशाचरी
सगळं दोनदा वाचलं. मातकट नळीपाशी माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र आली.

गोड मी फार खात नाही डॉक. बिस्किटं, मिठाई जवळपास नाहीच. रात्रपाळी असते, तेव्हा फक्त कॉफी.

अक्कलदाढ
साखर घालून?

निशाचरी
हो. एक मोठा मग. तो टेबलावर असतो, रात्रभर पुरवते. वीस-पंचवीस मिनिटांनी एक घोट.

मूलद्रव्य
सापडलं.

बुरशीबाई
अगं निशाचरी! स्टीफनच्या आलेखावर मांडून बघ. एका घोटाची दरी भरून यायच्या आत दुसरा घोट. रात्रभर पीएच खालीच. फ्लोराइड जिवाणूला अडवेल, खनिज परत बसवेल, पण परत बसायला पीएच वर यावा लागतो ना. त्याला तू आठ तासांत एकदाही वेळ दिला नाहीस.

अक्कलदाढ
+१. कॉफी सोडा असं म्हणत नाही. पाळीच्या सुरुवातीला जेवणाबरोबर एका बैठकीत संपवा, पुढे साधं पाणी. मधे घ्यायचीच असेल तर बिनसाखरेची. झायलिटॉलचा च्युइंगगम चालेल, म्युटन्सला त्यापासून आम्ल करता येत नाही आणि चघळण्याने लाळ सुटते. पेस्ट १००० ते १५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइडची आहे का ते ट्यूबवर वाचा. घासून झाल्यावर नुसतं थुंका, खळखळून चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. आणि तुमच्या डॉक्टरांना फ्लोराइड व्हार्निशबद्दल, म्हणजे दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाबद्दल विचारा.

एकतारी
चूळ न भरता? मी तर तांब्याभर पाण्याने भरतो!

अक्कलदाढ
बरेच जण भरतात. उद्यापासून नका भरू. दोन दिवस चव विचित्र लागेल.

निशाचरी
तीन महिन्यांनी धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

चौथी दाढ भरावीच लागली, तिथे खड्डा पडलेला होता. व्हार्निश लावून घेतलं. कॉफी आता जेवणाबरोबर, टेबलावर पाण्याची बाटली. पहिला आठवडा जड गेला, हात आपोआप मगाकडे जायचा.

काल तपासणी होती. डॉक्टरांनी दात वाऱ्याने वाळवले आणि आरसा हातात दिला. पांढरा पट्टा आहेच, गेलेला नाही. पण तेव्हा तो खडूसारखा खरखरीत, निस्तेज होता. काल दिवा फिरवला तर त्यावर बाकीच्या दातासारखी चमक होती.